मतपेटीमागचे दफ्तर

महाराष्ट्रातील मतदाराचे नाव यादीत एकदाच नोंदले जाते. परंतु त्याच्या मताची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था दोन आहेत, ही गोष्ट सुशिक्षित समाजातही फारशी ज्ञात नसावी, असे निवडणुकीच्या हंगामात कानांवर पडणाऱ्या संभाषणांवरून वाटते. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका दिल्लीचा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगर परिषद आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका घेण्याचा अधिकार मात्र राज्य निवडणूक आयोग नावाच्या स्वतंत्र संस्थेकडे असून, दिल्लीच्या आयोगाशी तिचे वरिष्ठ-कनिष्ठतेचे कोणतेही नाते नाही. मुंबईत मंत्रालयासमोर, मादाम कामा मार्गावरील नवीन प्रशासकीय भवनात तिची कचेरी आहे. सुमारे २८,००० ग्रामपंचायती, ३५१ पंचायत समित्या, ३४ जिल्हा परिषदा, २९ महानगरपालिका आणि पावणेचारशेहून अधिक नगर परिषदा व नगरपंचायती एवढा विस्तीर्ण पसारा या लहानशा कचेरीच्या देखरेखीखाली येतो. गावच्या नळपाण्याचा, गल्लीतल्या दिव्याचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतील गळक्या छपराचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्या सर्वांची निवड येथूनच सुरू होते. आणि म्हणूनच या कारभाराची ओळख प्रत्येक नागरिकाने करून घेणे मला अगत्याचे वाटते.

ही संस्था नव्हती तेव्हा काय होत असे, हे आधी पाहिले पाहिजे. १९९४ पूर्वी ग्रामपंचायतींच्या निवडणुका जिल्हाधिकारी व त्यांच्या हाताखालचे तहसीलदार घेत आणि महानगरपालिकेची निवडणूक पालिकेचे आयुक्त घेत. परंतु निवडणूक केव्हा घ्यावयाची हे अखेर राज्य सरकार ठरवीत असे, आणि सरकारला ती गैरसोयीची वाटली की मुदतवाढीचे हुकूम निघत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी मोठ्या उत्साहाने जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आरंभीच्या निवडणुका बऱ्याच अंशी वेळेवर झाल्या. परंतु १९७९ च्या निवडणुकीनंतर पुढची सार्वत्रिक निवडणूक झाली ती एकदम १९९२ साली. नगर परिषदांच्या बाबतीत १९७४ नंतर १९८५ साल उजाडावे लागले. ज्या मुलाने १९७९ साली शाळेत पाऊल टाकले, तो मतदानाच्या वयाच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याच्या जिल्ह्यात स्थानिक प्रतिनिधीची नव्याने निवड झाली नव्हती, एवढे लक्षात घेतले म्हणजे या मुदतवाढीचा अर्थ कळतो. हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. देशभर थोड्याफार फरकाने हेच चालले होते, आणि त्यावर उपाय म्हणून ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, दुसरी १ जून १९९३ रोजी.

या दुरुस्त्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पंचायतींची व नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची, त्याहून एक दिवसही अधिक नाही. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, आणि संस्था मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत ती घेतली पाहिजे, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, मतदार याद्या तयार करण्याचे आणि निवडणुका पार पाडण्याचे अधीक्षण, संचालन व नियंत्रण अनुच्छेद २४३-ट अन्वये राज्य निवडणूक आयोगाकडे देण्यात आले. आयुक्ताची नियुक्ती राज्यपाल करतात. परंतु एकदा नियुक्त झालेल्या आयुक्ताला पदावरून दूर करावयाचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने व ज्या कारणांसाठी दूर करता येते त्याच रीतीने करावे लागते, आणि त्याच्या सेवेच्या शर्ती त्याला प्रतिकूल होतील अशा बदलता येत नाहीत. महाराष्ट्रात या तरतुदीनुसार १९९४ साली आयोगाची स्थापना झाली. २००६ साली किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, स्वतःच्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाच्या अधिकारांच्या तोडीचे आहेत आणि राज्य सरकारांनी त्याच्या निर्देशांचे पालन केले पाहिजे.

येथपर्यंत सर्व यथास्थित वाटते. परंतु या आयोगापाशी स्वतःचे असे काय आहे, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. त्याची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाने विधानसभेसाठी तयार केलेली असते. त्याचा कर्मचारीवर्ग जिल्हाधिकारी कचेरीतला, पालिकेतला, जिल्हा परिषदेतला, आणि मुख्यत्वेकरून प्राथमिक शाळांतला असतो. आयोगाने विनंती केल्यावर तो उपलब्ध करून द्यावा, एवढी आज्ञा घटनेने राज्यपालांना केली आहे. मतदान केंद्रे शाळांच्या वर्गखोल्यांत भरतात, बंदोबस्त पोलिसांचा, वाहने परिवहन महामंडळाची किंवा भाड्याची, आणि खर्चाची तरतूद सरकारच्या किंवा त्या त्या संस्थेच्या तिजोरीतून होते. लग्नघरी भांडी, जाजमे आणि वाढपी गावातून गोळा करावेत आणि यजमानाच्या नावावर केवळ पंगतीची जबाबदारी असावी, तशी ही व्यवस्था आहे. उसना सरंजाम वाईट असतो असे मुळीच नाही. एरवी रिकामी बसणारी लाखो माणसांची फौज बाळगण्यापेक्षा ही रीत शतपट शहाणपणाची आहे. प्रश्न एवढाच की, ज्याच्याकडून सरंजाम उसना घ्यावयाचा, तो राज्याचा सत्ताधारी पक्षही त्याच निवडणुकीत उमेदवार उभे करीत असतो.

हा प्रश्न जेथे सर्वांत तीव्रतेने जाणवतो ती पायरी मतदानाच्या कितीतरी महिने आधीची, आणि लोकांच्या दृष्टीस क्वचितच पडणारी आहे. ती म्हणजे प्रभागरचना. शहराचे किंवा तालुक्याचे निवडणुकीपुरते भाग पाडावयाचे, ते शेवटच्या जनगणनेच्या आकड्यांवरून. आणि २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे आजही हे काम २०११ च्या आकड्यांवर चालले आहे. जनगणनेच्या वेळी घरांचे जे लहान लहान गट पाडले जातात त्यांना प्रगणक गट म्हणतात. हे गट शक्यतो न फोडता, एकापुढे एक जोडीत जाऊन ठराविक लोकसंख्या भरली की एक प्रभाग पुरा करावयाचा. शहरांसाठी रचनेस उत्तरेकडून आरंभ करून शेवट दक्षिणेस करावा, नाले, नद्या, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांच्या नैसर्गिक सीमा पाळाव्यात, वस्त्यांचे अकारण विभाजन करू नये, असे नियम आहेत. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट म्हणतात आणि प्रत्येक गटाचे दोन भाग पाडून पंचायत समितीचे दोन गण होतात. ग्रामपंचायतीचे काम तालुक्याच्या पातळीवर चालते. तेथे सात ते सतरा सदस्यांसाठी गावाचे प्रभाग पाडले जातात. नंतर प्रारूप रचना प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागविल्या जातात, सुनावणी होते आणि अंतिम रचना जाहीर होते.

कागदावर हे काम मोजणीदाराचे आहे. प्रत्यक्षात रेषा कोठून ओढली यावर निकालाचा निम्मा भाग ठरून जातो, हे प्रत्येक नगरसेवक जाणतो. एका चाळीचा रस्त्यापलीकडल्या प्रभागात समावेश झाला की पाच वर्षे राबलेल्या उमेदवाराचा पाया निघून जातो. शिवाय प्रभागात किती सदस्य असावेत हे ठरविणे विधिमंडळाच्या हाती आहे, आणि त्या अधिकाराचा उपयोग कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ साली एका सदस्याचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा. २०१९ अखेर पुन्हा एकाचा ठरला, २०२१ साली तिघांचा, आणि २०२२ साली परत चौघांचा. नगराध्यक्ष व सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, याही बाबतीत सत्तांतराबरोबर कायदा बदलत गेला आहे: सरपंचाची थेट निवड २०१७ साली आली, २०२० साली गेली, २०२२ साली पुन्हा आली. मुंबईत २२७ प्रभागांचे २३६ झाले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा २२७ झाले. प्रत्येक बदलाला काही ना काही युक्तिवाद जोडलेला असतो, आणि त्यांतील काही युक्तिवाद प्रामाणिकही असतील. परंतु ज्या खेळात खेळाडूच दर डावाला पटाची घरे बदलतो, त्यात प्रेक्षकाचा विश्वास टिकणे कठीण. त्यातच मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे काम आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतले. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतील हे सर्वांत मोठे मागे पडलेले पाऊल आहे, आणि सर्वच प्रमुख पक्ष आळीपाळीने सत्तेत येऊन गेलेले असल्यामुळे त्याची खंत कोणत्याच पक्षाला मनापासून वाटत नसावी, ही त्याहून मोठी चिंतेची बाब.

रचनेनंतर आरक्षण येते. अनुसूचित जाती व जमातींसाठीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि ज्या प्रभागांत त्या त्या वर्गाच्या लोकसंख्येचे प्रमाण अधिक असेल तेथून उतरत्या क्रमाने त्या नेमून दिल्या जातात. स्त्रियांसाठी आरंभी एकतृतीयांश जागा राखीव होत्या. २०११ पासून महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. स्त्रियांच्या जागा कोणत्या हे सोडत काढून ठरते. नाट्यगृहात किंवा तहसील कचेरीच्या सभागृहात सर्व पक्षांचे लोक दाटीवाटीने बसलेले असतात, पारदर्शक पात्रात चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि शाळेतली एखादी मुलगी किंवा मुलगा त्यातून एकेक चिठ्ठी उचलतो. त्या बालकाच्या हाताने कितीक जणांची राजकीय कारकीर्द संपते आणि कितीक घरांतील स्त्रिया, ज्यांनी त्यापूर्वी व्यासपीठावर पाऊलही ठेवले नव्हते, सार्वजनिक जीवनात येतात. आपल्याऐवजी पत्नीला उभे करून कारभार स्वतः पाहणारे पतिराज आजही दिसतात, हे खरे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निवडून आलेल्या आणि ग्रामसेवकाला दफ्तर उघडून दाखवावयास लावणाऱ्या स्त्रियाही दिसतात, आणि त्या या सोडतीचेच फळ आहेत.

इतर मागासवर्गाच्या २७ टक्के आरक्षणाची कहाणी मात्र क्लेशदायक आहे. विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर ४ मार्च २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे आरक्षण द्यावयाचे तर समर्पित आयोग नेमून स्थानिक मागासलेपणाची माहिती गोळा केली पाहिजे, त्यावरून प्रत्येक संस्थेतील प्रमाण ठरविले पाहिजे, आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाता कामा नये. न्यायालयाने यातील बरेचसे २०१० सालीच घटनापीठामार्फत सांगून ठेवले होते. मधल्या अकरा वर्षांत राज्याने ती माहिती गोळा केली नाही, हा कोणा एका पक्षाचा नव्हे तर सर्वच सरकारांचा दोष होय. पुढे बांठिया आयोग नेमला गेला, जुलै २०२२ मध्ये त्याच्या अहवालाच्या आधारे आरक्षणास वाट मिळाली. पण तोवर प्रभागरचनेचे कायदे बदलले होते, नव्या याचिका दाखल झाल्या होत्या, आणि निवडणुका थांबल्या त्या थांबल्याच. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. छत्रपती संभाजीनगर व नवी मुंबई या शहरांची तर २०२० सालीच संपली होती. सर्वत्र प्रशासक बसले. देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेचे अंदाजपत्रक एकाही लोकप्रतिनिधीच्या मतावाचून वर्षामागून वर्षे मंजूर होत राहिले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पुऱ्या करण्याचा आदेश दिला, त्यालाही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढ मागून घ्यावी लागली, आणि २ डिसेंबर २०२५ रोजी नगर परिषदांचे व १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकांचे मतदान ठरले. घटनेने एक दिवसाचीही सवलत दिली नसता जवळजवळ चार ते सहा वर्षांचा खंड पडला. म्हणजे १९९३ साली ज्या दुखण्यावर औषध दिले गेले, तेच दुखणे नव्या नावाने परत आले.

आता मतदार यादीकडे वळू. राज्य आयोग स्वतंत्र यादी करीत नाही. विधानसभेची यादी एका ठराविक दिनांकास जशी असेल तशी तो स्वीकारतो (२०२५ च्या निवडणुकांसाठी हा दिनांक १ जुलै होता) आणि तिचे प्रभागवार विभाजन करवितो. या यादीत नवे नाव घालणे किंवा असलेले वगळणे त्याच्या अधिकारात नाही. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर जी हरकत घेता येते ती अशी की, माझे घर अमुक प्रभागात असता नाव तमुक प्रभागात गेले, किंवा विधानसभेच्या यादीत नाव असूनही विभाजनात ते गळले, किंवा लेखनात चूक झाली. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन संतापणाऱ्या बहुतेक नागरिकांची तक्रार याच विभाजनातून उपजलेली असते, आणि त्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या हाती तिच्यावर कोणताही इलाज नसतो. गेल्या काही वर्षांत दुबार नावांचा प्रश्नही तीव्र झाला आहे. पुण्यात नोकरीला असलेला माणूस गावच्या यादीतून नाव काढीत नाही, कारण गावाशी नाते तुटल्यासारखे वाटते. हे मायेपोटी घडते, तरी कायद्याने ते चूकच आहे.

उमेदवारी अर्जाच्या कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. मालमत्ता, शिक्षण व गुन्हेगारी खटले यांचे शपथपत्र, राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र किंवा ते विहित मुदतीत सादर करण्याची हमी, घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला, आणि २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे अपत्य झालेले नसल्याचे प्रतिज्ञापन, हे त्यातील मुख्य. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या अधिकृत चिन्हांवर होत नाही. आयोगाने दिलेल्या मुक्त चिन्हांतून निवड करावी लागते, आणि म्हणून तेथे कपबशी, शिट्टी, छत्री अशा घरगुती वस्तूंची पॅनेले एकमेकांशी झुंजतात. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर निवडून आलेलाच काय, पडलेला उमेदवारही पुढील काळासाठी अपात्र ठरविला जाऊ शकतो, हे पुष्कळांना नोटीस हाती पडल्यावरच कळते.

प्रत्यक्ष मतदानाची व्यवस्था मात्र अशी आहे की, तिच्याविषयी लिहिताना माझे मन कृतज्ञतेने भरून येते. आदल्या दिवशी सकाळी तालुक्याच्या ठिकाणी, गोदामात किंवा महाविद्यालयाच्या पटांगणावर साहित्यवाटप सुरू होते. केंद्राध्यक्ष आणि त्याचे मतदान अधिकारी, ज्यांची परस्परांशी ओळख बहुधा प्रशिक्षणाच्या दिवशीच झालेली असते, यंत्रे ताब्यात घेतात. नियंत्रण युनिट, मतदान युनिट, यादीच्या प्रती, शाईची कुपी, लाखेची कांडी, मोहोर, पाकिटांचा गठ्ठा, कितीतरी नमुने, हे सर्व मोजून, सही करून, नेमून दिलेल्या वाहनातून संध्याकाळपर्यंत केंद्रावर पोहोचतात. मुक्काम शाळेतच. जेवणाची सोय गावातला कोतवाल किंवा पोलीस पाटील पाहतो; कोणा उमेदवाराच्या घरचा चहाही घ्यावयाचा नाही, असा दंडक असतो आणि बहुतांशी तो पाळला जातो. भल्या पहाटे उठून वर्गातील बाके लावावयाची, मतदानाचा आडोसा उभा करावयाचा, मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन यंत्र रिकामे असल्याची खात्री पटवावयाची, त्यांच्या सह्या घ्यावयाच्या आणि साडेसात वाजता मतदान सुरू करावयाचे. ते साडेपाचपर्यंत चालते. गडचिरोलीच्या दुर्गम भागात सुरक्षिततेसाठी दुपारी तीन वाजताच थांबते. साडेपाचला जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन शेवटच्या माणसापर्यंत मत घेतले जाते.

ग्रामपंचायतीच्या मतदानात एकाच प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य आणि शिवाय सरपंच निवडावयाचा असल्यामुळे यंत्रावरील मतपत्रिकांना निरनिराळे रंग असतात: सर्वसाधारण जागेला पांढरा, अनुसूचित जातींच्या जागेला फिका गुलाबी, जमातींच्या जागेला फिका हिरवा, मागास प्रवर्गाच्या जागेला फिका पिवळा आणि सरपंचपदाला फिका निळा. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही रंगावरून कळते की येथे एक बटण दाबावयाचे, तेथे दुसरे. चार सदस्यांच्या शहरी प्रभागातही प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबावे लागते. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’चे बटण दाबावयाचे, पण सर्व जागांची पसंती पुरी झाल्यावाचून यंत्राची शिट्टी वाजत नाही. हे न समजल्यामुळे एकच बटण दाबून बाहेर पडू पाहणारे मतदार पुष्कळ असतात आणि केंद्राध्यक्षाला प्रत्येकास, गुप्ततेचा भंग न करता, परत आत पाठवावे लागते. एखादा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असे आढळले, तर ओळख पटवून त्याला प्रदत्त मतपत्रिका दिली जाते. मतदान संपल्यावर यंत्रे मोहोरबंद करून तालुक्याला नेणे, रांगेत उभे राहून हिशेब जुळवून देणे, आणि मध्यरात्री केव्हातरी घराकडे परतणे, हा ज्या शिक्षिकेचा दिवस, तिला दुसऱ्या दिवशी पुष्कळदा फळ्यासमोर उभे राहावयाचे असते. १५ जानेवारी २०२१ च्या मतदानासाठी १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम एकाच वेळी जाहीर झाला होता. महासाथीचा तो काळ, मुखपट्टी आणि जंतुनाशकाची बाटली यांची भर साहित्याच्या पेटीत पडलेली. या माणसांवाचून त्या संख्येला काही अर्थ नव्हता.

त्याच निवडणुकीत आयोगाने घेतलेला एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाले. बोली मंदिराच्या कामासाठी, गावाच्या भल्यासाठी, असे समर्थन करणारेही होते. बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाचा एकोपा अशी आपल्याकडे श्रद्धाच आहे. तत्कालीन आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल मागविले आणि दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. एकोपा उत्तमच, पण ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचा उभे राहण्याचा हक्क लिलावाच्या बोलीत विकला जात असेल, तर तो एकोपा नव्हे. त्याच धैर्याने २०१८ च्या नोव्हेंबरात, ज. स. सहारिया आयुक्त असताना, आयोगाने असा आदेश काढला होता की, ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर कोणालाही विजयी घोषित न करता त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. विधानसभा आणि लोकसभा यांच्या निवडणुकांत अशी तरतूद नाही. तेथे ‘नोटा’ कितीही मोठा झाला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो.

स्वतंत्र बाण्याची किंमतही आयोगाने मोजली आहे. मार्च २००८ मध्ये त्या वेळचे आयुक्त नंदलाल यांना विधानसभेने हक्कभंगाबद्दल दोन दिवसांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्या प्रकरणातील शब्दाशब्दाचा न्याय करण्याचे हे स्थळ नाही. परंतु घटनात्मक पदावरील व्यक्तीला तुरुंगात जावे लागले, यावरून विधिमंडळ आणि आयोग यांच्यातील संबंध किती नाजूक आहेत हे दिसते. गोव्यात प्रकार उलटा घडला. तेथे राज्याच्या विधी सचिवाकडेच निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे व केपे या पाच नगरपालिकांच्या आरक्षणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १२ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने निक्षून सांगितले की, सरकारच्या नोकरीत असलेल्या कोणालाही निवडणूक आयुक्त करता येणार नाही, आणि असे झाले असेल तेथे ती व्यक्ती बदलून स्वतंत्र आयुक्त नेमला पाहिजे. हा निकाल साऱ्या देशाला लागू झाला. तरीही निवड कोणी करावी हा प्रश्न उरतोच: आजही राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच आयुक्त नेमतात, आणि नेमणूक बहुधा निवृत्त सनदी अधिकाऱ्याची होते. नीला सत्यनारायण यांच्यासारखी, कवयित्री म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेली करारी अधिकारी २००९ ते २०१४ या काळात त्या खुर्चीवर होती, हे आपले भाग्य. पण संस्थेची उभारणी भाग्यावर करता येत नाही. मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या समितीने ही निवड करावी, प्रभागरचनेचे काम कायद्याने आयोगाकडे परत द्यावे, आणि प्रभागातील सदस्यसंख्या किमान दोन निवडणुकांपर्यंत बदलू नये, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तर मुदतवाढीच्या पळवाटा बव्हंशी बुजतील, असे मला वाटते.

हे बदल व्हावयाचे तेव्हा होतील. वाचकांच्या हाती आज जे आहे ते असे: आपल्या गावाचा किंवा शहराचा पुढचा कार्यक्रम जाहीर होण्याची वाट न पाहता विधानसभेच्या यादीतील आपले व कुटुंबियांचे नाव आत्ताच तपासावे, प्रारूप प्रभागरचना तहसील कचेरीत किंवा पालिकेत लागली की ती पाहून यावी, आणि प्रभागवार यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींची जी थोड्या दिवसांची मुदत असते, ती संपण्यापूर्वी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.